एक ते आठ

जिंतूर रोडच्या ह्या अंगाला
साडेतीनशे घरांत मी वायर ओढली.
गच्चीवरून गच्चीवर, पाण्याच्या टाकीला वळसा देऊन,
डिशच्या खांबाला गाठ मारून,
भिंतीला भोक पाडून आत.
भोक पाडताना घरचे म्हणतात,
जरा लहान पाडा, मुंग्या येतात.

पासवर्डचं कुणी काही म्हणत नाही.
"टाका तुम्हीच, लक्षात राहील असं."
मग मी टाकतो. एक ते आठ.
पुढं दोन कनेक्शन असतात, गाडीचं सीट उन्हात तापलेलं.
चार वर्षं झाली. एक ते आठ.
साडेतीनशे दारं, कुलूप एकच,
अन् किल्ली माझ्या तोंडपाठ.

मी कधी कुणाच्या आत शिरलो नाही.
हे सांगायची वेळच कुणी आणली नव्हती.

ती हत्तीअंबीरे सिस्टरनं आणली.
झरीच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या.
नेट रांगायलंय म्हणून बोलावलं.
मी राउटर उघडला. नाव ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन,
कंपनीतून आला तसा.
आत यादी. जोडलेले मोबाईल चौदा.
"घरात किती?"
"एक माझा. एक नातवाचा, तो लातूरला क्लासला."

मी नावं वाचत गेलो.
'परभणीचा किंग' त्यांच्या ओळखीचा निघाला.
"हा खालच्या गल्लीतला कैवल्य.
पोलिओचे थेंब मीच पाजले. थुंकला होता."
बाकीचे कोण, देव जाणे.
"काय करायलेत हे माझ्या नावावर?"
म्हणलं, पिक्चर बघत असतील.
नाहीतर कुणाला धमक्या देत असतील.
पोलीस आले तर तुमच्या दारात येणार,
वायर तुमची.

सिस्टरनं चष्मा काढून पदरानं पुसला.
"अन् हे एक ते आठ कुणी टाकलं?"

कूलरचं पाणी संपलं होतं,
नुसता पंखा फिरायलता.

"मी."

"अख्ख्या गावाला एकच सुई," त्या म्हणल्या.
"आमची नोकरी गेली असती."

मग बसलो खाली मांडी घालून.
ॲडमिन काढला.
मागचं ते बटन, दाबलं की बिनापासवर्डचं कुणीबी आत,
ते बंद केलं.
लांबून राउटर चालवायची खिडकी बंद केली.
कधी अन् कुणी उघडली, मलाच आठवेना.
तीन वर्षांचं अपडेट तुंबलेलं.
"म्हणजे डोस चुकले."
हो म्हणलं. दिवा लाल झाला, राउटर गप्प.
सिस्टरनं उलटा हात लावून बघितला.
"ताप आलाय."
सात मिनिटांनी उतरला.

"पाहुण्यांसाठी वेगळं नेट देता येतं," मी म्हणलं, "कैवल्यला वगैरे."
"येऊ दे की. दारात उभं राहून मागू दे,
मग बघू."

आता पासवर्ड तुम्हीच टाका.
नातवाचं नाव नको, जन्मतारीख नको.
एकमेकांशी काही नातं नसलेले चार शब्द.
मोबाईल त्यांच्या हातात दिला
अन् मी खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो.
समोर माझ्याच वायरी,
काळ्या, ढिल्या, घरापासून घरापर्यंत.
मागं टिकटिक. थांबली. पुसलं बहुतेक.
परत सुरू.
एका शब्दाला त्या हसल्या.
कोणता, मी विचारलं नाही.

रात्री कनेक्शनची वही काढली.
पहिलं नाव माझ्याच घरचं.
ते उरकून रोज तीन-चार घरं घेतो.
लोक आधी विचारतात, चार्ज किती.
म्हणतो, भोकाचे घेतले होते, ह्याचे नाहीत.
तरी संशयानं बघतात.
चार वर्षं कुणी बघितलं नव्हतं तसं.

काल गंगाखेड नाक्याचे गुट्टे सर म्हणाले,
"कळलं, कळलं. नवीन टाकतो, द्या इकडं."
मी पाठ केली.
नऊ वेळा टिकटिक झाली, सरळ, न थांबता.
मी मोजलं नाही
असं म्हणून खाली उतरलो.